खुलन्याहून मुलचेऱ्यास

गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा व चामोर्शी या तालुक्यांत फिरतांना सुंदरनगर, विवेकानंदपूर अशीं गांवांचीं नांवें आढळतात आणि घराघरांतून बंगाली बोली कानीं पडते. माडिया-गोंडांच्या या अरण्यांत पूर्व बंगालचे शेतकरी कसे आले, या प्रश्नाचें सोपें उत्तर ‘फाळणीमुळें’ असें दिलें जातें. परंतु, श्रोतेहो, तें उत्तर अपुरें आहे.

सरहद्दीचा निवाडा प्रसिद्ध झाला १७ ऑगस्ट १९४७ रोजीं. त्यानें खुलना जिल्हा पाकिस्तानांत गेला. पण तेथील नमःशूद्र शेतकरी तेव्हां हलला नाहीं. आधीं निघाले ते वकील, शिक्षक, वैद्य आणि जमीनदार. विद्या व पैसा बरोबर नेतां येतो. भाताचें खाचर नेतां येत नाहीं. शिवाय या समाजाचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल हे पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री होते, तेव्हां आपल्यास येथें थारा मिळेल ही आशा अगदींच वेडगळ नव्हती.

ती आशा एकाएकीं नव्हे, हप्त्याहप्त्यानें मोडली. गांवांतला शिक्षक गेला, वैद्य गेला, कज्जा चालविणारा वकील गेला. कापलेलें पीक आपल्याच घरीं येईल याची शाश्वती राहिली नाहीं. १९५० च्या आरंभीं खुलना व बारिसाल भागांत दंगली झाल्या. त्याच वर्षीं ८ एप्रिलला नेहरू-लियाकत करार झाला, आणि ऑक्टोबरांत खुद्द मंडलांनीं राजीनामा देऊन भारताची वाट धरली. ऑक्टोबर १९५२ मध्यें दोन्ही देशांच्या दरम्यान पारपत्राची पद्धत सुरू झाली. पुढें वाट बंद होईल या धास्तीनें, ज्यांचें मन अद्याप ठरलें नव्हतें तेही निघाले. रहदारी रोखण्यासाठीं केलेल्या नियमानेंच माणसें घराबाहेर काढावीं, हा प्रकार इतिहासांत नवा नाहीं.

यानंतर आलें १९६४ साल. २७ डिसेंबर १९६३ रोजीं श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यांतील पवित्र अवशेष नाहींसा झाला. तो आठवड्याभरांत सांपडलाही; परंतु तोंपर्यंत शेंकडों कोसांवरील खुलन्यांत घरें पेटूं लागलीं होतीं. ज्या शेतकऱ्यानें श्रीनगरचें नांवही क्वचितच ऐकलें असेल, त्यानें बैलजोडी टाकून सरहद्द ओलांडली. दंगल हें निमित्त होतें. जमिनीवरचा हक्क, कोर्टावरचा विश्वास आणि शेजाऱ्याचा आधार हीं तिन्ही मुळें सतरा वर्षें कुजत आलीं होतीं, म्हणून एका धक्क्यानें झाड उन्मळलें.

आतां तो चांद्यासच कां आला? पश्चिम बंगालमध्यें आणखी जागा नाहीं, असें ठरवून सरकारनें १९६४ च्या निर्वासितांना रायपूरजवळच्या माना छावणींत पाठविलें, आणि तेथून दंडकारण्याच्या मुलखांत व त्या वेळच्या चांदा जिल्ह्यांत वसाहती वसविल्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. देश सोडण्याचा निर्णय निदान त्या शेतकऱ्यानें घेतला होता. जिल्हा मात्र कचेरीनें निवडला. नदीनाल्यांच्या सखल, गाळाच्या जमिनींत वाढलेल्या माणसाला जंगल तोडून काढलेली जमीन मिळाली.

कचेरीच्या नकाशांत हें जंगल ‘मोकळें’ दिसत असावें. वस्तुतः तेथील मोहाचीं झाडें, बांबूचीं बेटें, चराईचीं रानें यांवर गोंड-माडियांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें जीवित चालत आलें होतें. त्यांना कोणीं विचारलें? एका ठिकाणचा अन्याय निस्तरतांना दुसऱ्या ठिकाणच्या माणसाचा हिशेब करावयाचा राहून गेला, आणि तेथील वैमनस्याचें बीज मला यांतच दिसतें.

दंडकारण्यांतील हजारों कुटुंबें १९७८ सालीं सुंदरबनांतील मरीचझांपी बेटाकडे परत निघालीं. मे १९७९ मध्यें पोलिसी बळानें त्यांना तेथून हुसकण्यांत आलें. मुलचेऱ्याकडचे बंगाली शेतकरी राहिले व भात पिकवूं लागले. पश्चिम बंगालमध्यें नमःशूद्र ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादींत तें नांव नाहीं. खुलन्यांत ज्या जातीमुळें त्यांच्या आजोबांना गांवाच्या कडेला राहावें लागलें, ती जात सिद्ध करण्यासाठीं नातवंडें आज अर्ज करीत आहेत.