सेलेस्ट्रॉन दुर्बिणींचा प्रकाशीय दर्जा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'जुन्या दुर्बिणींची काच अधिक चांगली होती' असे विधान हौशी खगोलनिरीक्षकांमध्ये वारंवार ऐकू येते. 'आजच्या दुर्बिणी सर्वच बाबतींत सरस आहेत' असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उदयास आलेल्या सेलेस्ट्रॉन या कंपनीच्या वाटचालीच्या आधारे या दोन्ही विधानांचा विचार केला आहे. दुर्बीण विकत घेणाऱ्यास काचेतील दोष डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे दर्जाचा हा प्रश्न मुख्यतः विश्वासाचा प्रश्न आहे.

दर्जाचा निकष

दुर्बिणीतून नाभीपाशी पोहोचणाऱ्या प्रकाशतरंगात तरंगलांबीच्या चतुर्थांशापेक्षा अधिक विचलन नसावे, हा रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा निकष सर्वमान्य आहे. हिरव्या प्रकाशाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १३७ नॅनोमीटर इतकी येते. आरशावरून परावर्तन होताना पृष्ठभागावरील दोष दुप्पट होतो. म्हणजे आरशाच्या पृष्ठभागावर याच्या निम्मीच चूक क्षम्य ठरते. कारखान्यात दररोज अनेक दुर्बिणी तयार करताना ही अचूकता टिकवणे हे या उद्योगापुढील खरे आव्हान होय.

प्रारंभ आणि तंत्र

टॉम जॉन्सन हे इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील उद्योजक. मुलांसाठी दुर्बीण तयार करताना त्यांना या विषयाची गोडी लागली आणि १९६० मध्ये त्यांनी आपल्या व्हॅलर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत प्रकाशीय उपकरणांचा विभाग सुरू केला. १९६२ मध्ये त्यांनी पावणेएकोणीस इंच व्यासाची, वाहून नेता येणारी श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण हौशी निरीक्षकांपुढे ठेवली. या रचनेत मुख्य आरसा गोलीय असतो. त्यामुळे उद्भवणारे गोलीय विपथन नळीच्या तोंडाशी बसवलेल्या पातळ सुधारक काचेने दूर केले जाते. मात्र या काचेची वक्रता इतकी सूक्ष्म आणि गुंतागुंतीची असते की ती हाताने घडवणे अतिशय कष्टाचे होते.

बर्नहार्ट श्मिट यांनी १९३० च्या सुमारास निर्वाताने काच वाकवून ती घासण्याची युक्ती वापरली होती. जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला कारखान्यास योग्य असे रूप दिले. आवश्यक वक्रतेच्या उलट आकाराचा एक प्रमाण ठोकळा तयार करावयाचा, पातळ काच निर्वाताच्या साहाय्याने त्यावर घट्ट बसवावयाची आणि तिची वरची बाजू सपाट घासावयाची. निर्वात काढताच काच पूर्वस्थितीवर येते आणि घासलेल्या बाजूस हवी ती वक्रता प्राप्त होते. या पद्धतीमुळेच १९७० मध्ये आठ इंची 'सी-८' ही दुर्बीण हजार डॉलरच्या आत उपलब्ध होऊ शकली.

यांत्रिक उत्पादन असले तरी अखेरचा हात कारागिराचाच होता. मुख्य आरसा आणि सुधारक काच यांची जोडी जुळवून, उरलेला दोष दुय्यम आरशाला हाताने आकार देऊन काढला जाई. साहजिकच प्रत्येक दुर्बिणीचा दर्जा तपासनीसाचे कौशल्य आणि त्याला मिळणारा वेळ यांवर अवलंबून राहिला. नारिंगी नळीच्या त्या दुर्बिणींत काही अप्रतिम, तर काही सामान्य निघतात, याचे कारण येथे आहे.

मागणीचा ताण

१९८० मध्ये कंपनी डीटहेल्म या स्विस उद्योगसमूहाकडे गेली. त्याच वर्षी मीड या प्रतिस्पर्धी कंपनीने आपली आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण बाजारात आणली. पाठोपाठ १९८५-८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूचे आगमन झाले आणि मागणी एकाएकी वाढली. या काळातील दोन्ही कंपन्यांच्या दुर्बिणींविषयी हौशी निरीक्षकांमध्ये प्रतिकूल मत रूढ झाले. तंत्र तेच होते. कमी पडला तो तपासणीचा वेळ, असे अनुमान करणे वावगे ठरणार नाही. धूमकेतू पाहण्यासाठी आयुष्यात प्रथमच दुर्बीण घेतलेल्या माणसाला अस्पष्ट प्रतिमेचा दोष काचेचा, हवेचा की स्वतःच्या डोळ्यांचा, हे कळण्याचा मार्ग क्वचितच होता.

ग्राहकाच्या हाती आलेली कसोटी

या स्थितीत हळूहळू पालट झाला. तेजस्वी ताऱ्याची प्रतिमा नाभीच्या किंचित आत व किंचित बाहेर नेऊन दोन्हीकडील वलयांची तुलना केली, तर विपथन उघड होते. १९९४ मध्ये हॅरोल्ड सूटर यांच्या ग्रंथाने ही तारा-चाचणी पद्धतशीरपणे मांडली. दुसरीकडे, दोन प्रमुख कंपन्यांना एकत्र आणण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९९०-९१ मध्ये रोखला आणि स्पर्धा टिकून राहिली.

मालकी आणि बदललेली व्याख्या

पुढे टॅस्को या मालक कंपनीचा व्यवसाय २००२ मध्ये कोसळला आणि २००५ मध्ये सेलेस्ट्रॉन तैवानच्या सिंता समूहाशी संलग्न झाली. उत्पादन चीनमध्ये गेल्यावर दर्जा घसरेल, ही भीती सार्वत्रिक होती. प्रत्यक्षात, अपवादात्मक उत्कृष्ट नमुन्यांपेक्षा नमुन्यानमुन्यांतील सारखेपणा हेच या काळाचे वैशिष्ट्य मानले जाऊ लागले.

याच सुमारास दर्जाची व्याख्याही बदलली. डोळ्याला दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी उत्तम प्रतिमा मिळाली की पुरे होते. डिजिटल कॅमेऱ्याला मात्र कडेचे तारेही बिंदुरूप हवेत. २००९ मध्ये आलेल्या 'एज-एचडी' मालिकेत नळीतील अतिरिक्त भिंगांनी दृष्टिक्षेत्र सपाट केले. दुय्यम आरशाचा अडथळा मात्र कायम राहिला. त्याने प्रतिमेचा उठाव काहीसा कमी होतो. परंतु ही रचनेची मर्यादा आहे, कारागिरीचा दोष नव्हे. या दोहोंची गल्लत केल्यास दर्जाचा इतिहास चुकीचा लिहिला जातो.

निष्कर्ष

प्रकाशीय दर्जाचा आलेख सरळ वर किंवा सरळ खाली जात नाही. तो तपासणीला मिळणारा वेळ, स्पर्धा आणि ग्राहकाचे ज्ञान यांनुसार हलतो. जुन्या दुर्बिणींची कीर्ती ऐकताना हेही लक्षात घ्यावे की उत्तम नमुने जपले जातात आणि सदोष नमुने विस्मृतीत जातात. म्हणून दुर्बिणीचे वय किंवा तिचा देश यांवरून निर्णय देण्याऐवजी ती ताऱ्याकडे रोखून पाहणे, हाच इतिहासाने शिकवलेला मार्ग होय.