सीएसएमटीच्या नक्षीखाली सही कुणाची?

आजची गोष्ट एका शाळेची. तिच्या विद्यार्थ्यांचं काम मुंबईत लाखो लोक रोज बघतात, पण ते कुणी केलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

शाळा म्हणजे आपलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आपण ‘जेजे’ म्हटलं की चित्रकार आठवतो. पण सुरुवात झाली ती कारागिरीच्या विचारातून. १८५१ साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं. आपल्या विणकरांचं, नक्षीकामवाल्यांचं काम बघून तिथले लोक थक्क झाले. इकडे मात्र यंत्रावरच्या स्वस्त मालापुढे त्याच हातांचा धंदा बसत होता. १८५३ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कला आणि उद्योगाच्या शाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ड्रॉइंगचे वर्ग सुरू झाले.

१८६५ मध्ये लॉकवूड किपलिंग शिल्पकला शिकवायला आले. ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे हे वडील, रुडयार्डचा जन्म याच आवारातला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं लॉकवूड यांची. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, उभं राहत होतं तेव्हा तिथल्या सजावटीचं काम ग्रिफिथ्सच्या हाताखाली जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलं. दगडातली पानं, फुलं, प्राणी, सगळं. आर्किटेक्ट म्हणून स्टीव्हन्सचं नाव पुस्तकात सापडतं. छिन्नी चालवणाऱ्या पोरांचं? शोधत बसा.

अजिंठ्याचंही तेच. १८७२ पासून १३ वर्षं ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले आणि लंडनला गेले. १८८५ च्या आगीत त्यातले शंभराहून जास्त जळाले. पुढे ग्रिफिथ्सनी अजिंठ्यावर दोन खंडांचं जाडजूड पुस्तक काढलं. कव्हरवर नाव त्यांचं. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखी मोजकीच नावं आज घेतली जातात.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे गिटवर एक स्वल्पविराम बदलला तरी कुणी, कधी बदलला त्याची नोंद राहते. त्यामुळे हे वाचताना मला फार खटकलं. ग्रिफिथ्सचं श्रेय खोटं नाही. त्यांनी उन्हातान्हात वर्षं घातली. पण ‘कलाकार’ साहेब आणि ‘हात’ आपले, अशी विभागणी त्या काळी सहज होऊन गेली. आणि आपण तीच पुढे चालू ठेवली.

शाळा मात्र बदलत गेली. १८९१ च्या सुमारास लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग आला आणि १९६१ मध्ये त्याची वेगळी उपयोजित कला संस्था झाली. जेजेतच शिकलेले र. कृ. जोशी. विंडोजवर मराठी टाइप करताना दिसणारा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. म्हणजे दगडावरची नक्षी स्क्रीनवरच्या अक्षरापर्यंत पोचली, आणि या वेळी नाव टिकलं.

तर पुढच्या वेळी सीएसएमटीला लोकल पाच मिनिटं लेट असेल, तर मोबाईल खिशात टाका. बाहेर या, मान वर करा. ती पानं कुणातरी विशीतल्या पोराने कोरलीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!