युरिकेज विकराची रचना व कार्यपद्धती : एका संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इ.स. १७७६ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी मूत्राशयातील खड्यांतून युरिक आम्ल वेगळे केले. १८४८ मध्ये लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात हे आम्ल साठलेले असते, हे दाखविले. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर युरिक आम्लाचे विघटन करते व शेवटी सहज विरघळणारे अ‍ॅलँटॉइन तयार होते. मानवात मात्र हे विकर कार्यरत नाही. या विकराविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तांब्याविषयीचा समज

१९०९ मध्ये बातेली व लीना श्टर्न यांनी प्राण्यांच्या ऊतींतील युरिकेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये माहलर व सहकाऱ्यांनी डुकराच्या यकृतातून हे विकर शुद्ध करून ते ताम्रयुक्त प्रथिन असल्याचे मांडले. हे मत त्या काळी स्वाभाविक होते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने सामान्य सेंद्रिय रेणूंशी त्याची अभिक्रिया अतिशय मंद असते. त्यामुळे अशा विकरांना लोह, तांबे किंवा फ्लेविनसारखे सहविकर लागते, असाच अनुभव होता. अ‍ॅलँटॉइन हे या अभिक्रियेचे थेट उत्पादित मानण्याचीही प्रथा होती.

१९९७ : दोन दुरुस्त्या

अमेरिकेतील कान व टिप्टन यांनी सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतील युरिकेज तपासले. त्यात तांबे वा अन्य सहघटक आढळला नाही. खरे उत्पादित ५-हायड्रॉक्सीआयसोयुरेट हे अस्थिर संयुग असल्याचेही त्याच वर्षी सिद्ध झाले. याच वर्षी फ्रान्समधील नाताली कोलोक व सहकाऱ्यांनी अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीतील विकराची स्फटिकरचना २.०५ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने प्रसिद्ध केली. प्रत्येकी ३०१ अमिनो आम्लांचे चार समान उपघटक एकत्र येऊन मध्ये आरपार बोगदा असलेले पिंप तयार होते. क्रियास्थाने दोन उपघटकांच्या सांध्यावर असल्याने सुटा उपघटक निरुपयोगी ठरतो.

कार्यपद्धती

आर्जिनिन-१७६ व ग्लुटामिन-२२८ युरेटला चिमट्याप्रमाणे धरतात, तर फेनिलअ‍ॅलनिन-१५९ त्याला आधार देते. शेजारच्या उपघटकातील थ्रिओनिन-५७ व लायसिन-१० प्रोटॉनच्या देवाणघेवाणीत भाग घेतात. प्रोटॉन गमावलेले युरेट इलेक्ट्रॉनसमृद्ध होते व ते स्वतःच ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते. म्हणजे जे काम धातूचे मानले जात होते, ते येथे विघटित होणारा पदार्थच करतो. ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि युरेटच्या वलयाला पाण्याचा रेणू जोडला जातो. पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन हा वायुरूप ऑक्सिजनमधूनच येतो, हे बेंटली व न्यूबर्गर यांनी समस्थानिकांच्या साहाय्याने १९५२ मध्येच दाखविले होते. पुढील दोन टप्प्यांची विकरे २००६ मध्ये इटलीतील संशोधकांनी अनेक सजीवांच्या जनुकसंचांच्या तुलनेतून ओळखली.

मानवी संदर्भ

मानवात युरिकेजचे जनुक अवशेषरूपाने आहे, परंतु उत्परिवर्तनांमुळे ते निष्क्रिय झाल्याचे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. ही उणीव औषधाने भरून काढता येते. कर्करोगावरील उपचारात पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून युरिक आम्ल वाढते. त्यासाठी वरील बुरशीच्या जनुकापासून बनविलेल्या रासब्युरिकेजला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. तीव्र गाऊटसाठी पेग्लोटिकेजला २०१० मध्ये मान्यता मिळाली. परंतु जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या रुग्णांत अभिक्रियेतील पेरॉक्साइडमुळे तांबड्या पेशी फुटतात. म्हणून त्यांना ही औषधे वर्ज्य आहेत.

निष्कर्ष

अन्य विकरांवरून बांधलेले अनुमान युरिकेजला लागू पडले नाही व ते दुरुस्त होण्यास चार दशके लागली. क्रियास्थानातील बारकावे हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नाही. अभिक्रियेतून नेमके काय बाहेर पडते, हे ठाऊक असल्यामुळेच औषध कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये, हे ठरविता येते.