पाळकाचे घर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘पाळक’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजाबाहेर फारसा वापरला जात नाही. आपण सरसकट ‘पाद्री’ म्हणून मोकळे होतो. पण प्रॉटेस्टंट पंथाच्या मराठी ख्रिस्ती माणसाला विचाराल, तर तो ‘आमचे पाळकसाहेब’ असेच म्हणेल. पाळक म्हणजे मेंढपाळ. मंडळीतल्या माणसांची लग्ने लावणारा, मुलांना बाप्तिस्मा देणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि अखेरीस त्याला निरोप देणारा. हा पाळक संसारी असतो. त्याला बायकामुले असतात, महिनाअखेरीची ओढाताण असते. त्यामुळे रविवारच्या उपदेशात तो जे सांगतो, ते त्याच्या घरात किती उतरले आहे, हे साऱ्या मंडळीला दिसत असते.

मी आज ज्या पाळकाविषयी बोलणार आहे, त्याचे घर तर साऱ्या महाराष्ट्राला दिसले. ते दाखवले त्याच्या बायकोने. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते पाळक आणि लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी. फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांना आपण शाळेच्या पुस्तकात भेटलेलो असतो. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्रही अनेकांनी वाचलेले असते. परंतु पाळक आणि घरधनी या दोन नात्यांनी टिळकांकडे आपण क्वचितच पाहतो. ही दोन नाती एकमेकांना जाचत होती, आणि एकमेकांना घडवतही होती. टिळकांनी मागे काय ठेवले याचे उत्तर मला त्या ओढाताणीत सापडते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील तापट, आई हळवी. आई लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्याचे लग्न झाले. मुलगी अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई झाली. तिच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते, आणि त्या कडक शिस्तीत ती लहानाची मोठी झाली होती. पुढच्या कथेसाठी हे ध्यानात ठेवायला हवे.

पहिली पंधरा वर्षे हा संसार म्हणजे नुसती पायपीट होती. टिळकांना एका जागी चैन पडत नसे. नोकरी धरावी, मन विटले की सोडावी. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. पैसा हातात ठरत नसे, राग नाकाच्या शेंड्यावर असे. कुणी अडलेला दिसला की घरात काय आहे, काय नाही, याचा विचार न करता देऊन टाकायचे. बाहेरचे लोक त्याला औदार्य म्हणत. उद्याच्या पिठाची काळजी मात्र घरच्या बाईला असे. मुले झाली, काही जगली नाहीत. १८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहिले. तिथे ग्रंथांचा संग्रह हाताशी आला आणि धर्मविचाराला वेग आला. देशाची अवनती का झाली, जातिभेद धर्मात बसतो का, माणसामाणसांत भेद न करणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होते.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला. तो वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले. आपल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथे मिळू लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या पावलासाठी त्यांनी बायकोची संमती घेतली नव्हती. त्या काळी धर्मांतर म्हणजे सामाजिक मरणच. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळी कुंकू, पण संसार नाही, अशी लक्ष्मीबाईंची अवस्था झाली. पदरी लहान मुलगा दत्तू. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी चार-पाच वर्षे काढली, त्यांतला काही काळ पंढरपुरात. टिळकांच्या चरित्रातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि तो झाकून त्यांचा गौरव करण्यात काही अर्थ नाही. सत्याच्या शोधात निघालेला माणूस आपली वाट स्वतः निवडतो, परंतु त्या वाटेचे काटे अनेकदा दुसऱ्याच्याच पायात मोडतात. टिळकांच्या बाबतीत तसेच झाले.

तरीही हे लग्न तुटले नाही. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही. पत्रे येत राहिली, भेटी होत राहिल्या आणि अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या. गेल्या त्या आपला धर्म सोबत घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माझ्या मते टिळकांचे पाळकपण खऱ्या अर्थाने इथे सुरू झाले. दीक्षा पुढे मिळाली, पण मेंढरामागे धीराने चालायचे असते, काठी उगारायची नसते, हा धडा त्यांना आपल्याच घरात शिकावा लागला. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंनीच विचार केला. जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल तर ती पाळायची कशाला? त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० च्या सुमारासचा. सोवळ्याच्या घरातून आलेल्या बाईने हा पल्ला स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या पायांनी गाठला. नवऱ्याने तिला ओढून नेले असते, तर ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आपल्याला कधीच मिळाले नसते, असे मला वाटते.

टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासून चालू होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही तिथेच १८४२ साली निघाले. त्या मुलखातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आलेली होती. टिळक तिथल्या ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवत, आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायला लहानपणी शिकवले, त्यांच्याच पंक्तीला हा शास्त्र शिकलेला ब्राह्मण बसला. त्यांच्या मुलांना शिकवले, त्यांच्या आजारपणात धावून गेला. टिळक दांपत्याच्या घरात परक्या मुलांचा राबता कायमचा. कुणी पोरके, कुणी शिकायला आलेले, कुणाला कुठेच थारा नसलेला. प्लेगच्या दिवसांत तर हे घर म्हणजे धर्मशाळाच झाले. पाहुणा टिळक आणत आणि त्याच्या पोटापाण्याची सोय लक्ष्मीबाई बघत.

अशा पाहुण्यांत एक कोवळा कवी होता. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा टिळकांच्या नजरेत भरला. ‘बालकवी’ हे नाव त्याला त्याच संमेलनाने दिले. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले आणि मुलासारखे सांभाळले. तो ख्रिस्ती झाला नाही; व्हावा म्हणून त्याला घरात घेतलेही नव्हते. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा टिळकांच्या घरातलेच माणूस गेले.

आता थोडे त्यांच्या उपासनेविषयी. टिळकांच्या आधीही मराठी ख्रिस्ती लोकांनी देशी चालींवर पदे रचली होती. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. पण मंडळीत प्रामुख्याने चाले ते इंग्रजी गीतांचे भाषांतर आणि विलायती चाल. शब्द मराठी, पण जीभ अडखळायची. टिळकांनी येशूची भक्ती अभंगात आणि ओवीत ओतली. आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या वाटेने पोचलो, हे त्यांनी कधी लपवले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले, आणि नुसते न सांगता टाळ-मृदंगाच्या साथीने गात राहिले. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह त्यातूनच आला. मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. कधी जुन्या मंडळीतल्या उपासनेला बसून पाहा. डोळे मिटले तर आपण एखाद्या भजनी मंडळात बसलो आहोत असे वाटावे, इतके ते सूर आपले आहेत.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनमधल्या गोऱ्या साहेबांच्या वर्चस्वावर त्यांनी स्पष्टपणे लिहिले. या देशातली मंडळी या देशातल्या माणसांनी चालवावी, हा त्यांचा आग्रह होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात चालत. मिशनच्या चौकटीत हे बसणे कठीणच होते.

संन्यास म्हटला की बायकोमुलांचा त्याग, असे आपले समीकरण. टिळकांचा संन्यास तसा नव्हता. सोडला तो पगार, पद आणि त्यांचा आधार. सातारला लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत होत्या. १८९५ चे पाऊल टिळकांनी एकट्याने टाकले होते. १९१७ चे पाऊल दोघांनी मिळून टाकले. मधल्या बावीस वर्षांत हा माणूस घराकडून किती शिकला, याचा याहून वेगळा पुरावा मला नको. पुन्हा मिळकत गेली, पुन्हा अनिश्चितता आली, हे खरेच. परंतु या खेपेला घर मोडले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. मरतानाही त्यांनी आपले ख्रिस्तीपण आणि आपले भारतीयपण वेगळे होऊ दिले नाही.

त्यांचे एक मोठे काम मात्र अर्धे राहिले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करायचे, ‘ख्रिस्तायन’ लिहायचे, असा त्यांचा संकल्प होता. त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तिने साठांहून अधिक अध्याय रचले. शेवटचा हात मुलाने, देवदत्त टिळक यांनी फिरवला. हेच देवदत्त म्हणजे पूर्वीचा दत्तू. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला तेव्हा लक्ष्मीबाईही नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या होत्या. नवऱ्याने आरंभलेले, बायकोने वाढवलेले आणि मुलाने पुरे केलेले असे पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच असेल.

‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात लक्ष्मीबाई नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यांचा राग, लहर, विसराळूपणा, हातचे सोडून पळत्यापाठी लागणे, सगळे त्या हसत हसत सांगतात. आपला कोंडमारा सांगतात, तोही आक्रस्ताळेपणा न करता. त्यांनी टिळकांना देव केले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. पुढे विजया मेहता यांनी या पुस्तकावर चित्रपट केला, इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली. आज टिळकांची कविता जितकी वाचली जाते, त्याहून हे पुस्तक जास्त वाचले जाते.

एखाद्या धर्मसेवकाच्या कामाचा हिशेब मांडताना आपण त्याने किती माणसे धर्मात आणली, किती संस्था काढल्या, हे मोजतो. टिळकांच्या बाबतीत ही मोजणी फार दूर जात नाही. ‘देवाचा दरबार’ त्यांच्यामागे फार काळ जोमाने चालला नाही. उरले ते दोन ठिकाणी. एक, मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठावर. परकेपणाची भावना न बाळगता तो आपल्या भाषेत, आपल्या चालीवर देवाला हाक मारू शकतो, हे टिळकांचे देणे. आणि दुसरे, एका बाईच्या लेखणीत. एके काळी जिला न विचारता त्यांनी आपली वाट धरली, तीच बाई त्यांच्याविषयी निर्भयपणे खरे लिहू शकली, आणि तरीही त्यांचे अपुरे काम उचलून पुढे गेली. ज्याच्या घरात बायकोला असे बोलता येते, त्या पाळकाने मंडळीला वेगळा उपदेश केला नसता तरी चालले असते.