बार्शी लाइटच्या हातघडणीच्या इंजिनाची कुळकथा

762 भागिले 87 म्हणजे 8.76. बार्शी लाइटचं इंजिन घरच्या टेबलावर, पितळी पत्र्यापासून घडवायला बसणाऱ्याचा पहिला हिशेब हा. बार्शी लाइट या अरुंद रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. छोट्या रेल्वेच्या जगात सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण 1:87 चं, त्याला ‘एचओ’ म्हणतात. या प्रमाणात ते अंतर पावणेनऊ मिलिमीटर होतं. ‘एन’ नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी 9 मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्यांना कळतही नाही. रुळांचा प्रश्न असा सुटतो. इंजिनाचा सुटत नाही. परदेशी कंपन्या आपापल्या देशांची इंजिनं खोक्यात घालून विकतात. बार्शीचं हवं असेल तर ते स्वतः घडवावं लागतं.

मी तुळजापूरचा. आमच्या गावानं रेल्वे पाहिली ती दुरूनच. देवीच्या दर्शनाला रेल्वेनं येणारा माणूस सोलापूरला उतरणार आणि तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर रस्त्यानं येणार, हाच शिरस्ता. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या मार्गाचं भूमिपूजन 2019 साली झालं. जिल्ह्यातली जुनी रेल्वे म्हणजे बार्शी लाइट, आणि तीही धाराशिव शहर बाजूला ठेवून येडशीवरून लातूरकडे जायची. लहानपणी येडशीला पाहिलेलं तिचं इंजिन मी पुठ्ठ्यात करून बघितलं होतं. पुढे नोकरी आणि संसारात तो नाद सुटला. आता तो पुन्हा धरला, तेव्हा या विद्येचं कूळ शोधावंसं वाटलं.

ते कूळ खऱ्या रेल्वेहून जुनं निघालं. विल्यम मर्डॉक हा बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीचा माणूस. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या रेडरूथ गावी 1784 साली त्यानं तीन चाकांची, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी छोटी वाफेची गाडी बनवली. ती स्वतःच्या बळावर धावली. जेम्स वॉटला हा उद्योग पसंत नव्हता आणि मर्डॉकनं मोठी गाडी कधी केली नाही. त्याच भागातल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकनंही 1797 च्या सुमारास आधी छोटी इंजिनं करून पाहिली. त्याचं खरं इंजिन वेल्समधल्या पेनिडॅरन इथे रुळांवर धावलं ते 1804 मध्ये. म्हणजे हातानं घडवलेलं चिमुकलं इंजिन आधी आणि रेल्वे मागून. हे कळल्यापासून या कामाला ‘खेळणी’ म्हणणं मला जमत नाही.

खेळण्यांची शाखा बरीच नंतर फुटली. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीनं 1891 साली लायप्झिगच्या जत्रेत रुळांच्या ठरावीक मापांची गाडी मांडली, आणि एकाच्या घरची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालण्याची सोय झाली. ‘ओ’ नावाच्या मापाच्या निम्मं ते ‘एचओ’. घडवणाऱ्यांची शाखा वेगळी. पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 साली लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढलं. त्याचा वाचक कानस आणि लेथ हाताळणारा होता. नॉर्दम्प्टनचे बॅसेट-लोक आणि त्यांचे आरेखक हेन्री ग्रीनली यांनी दोन्ही शाखांना जवळ आणलं: विकायचं, पण प्रमाण सोडायचं नाही.

महाराष्ट्रात या नादाला कायमचं घर मिळालं पुण्याच्या कोथरूडमध्ये. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं जोशी छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गाड्यांबरोबर सिग्नलही बघावेत. गाडी आणि सिग्नल यांचं नातं तिथे नीट उमगतं.

आता बार्शी. एव्हरार्ड काल्थ्रॉप (1857–1927) हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मुख्य लाइनला जोडणाऱ्या, कमी खर्चाच्या अरुंद लाइनी टाकाव्यात, हा त्याचा ध्यास. नोकरी सोडून, लंडनमध्ये भांडवल जमवून त्यानं 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. त्याच वर्षी काल्थ्रॉप वारला. मधल्या काळात त्यानं विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही तयार केलं होतं.

काल्थ्रॉपची खरी हुशारी वजनाच्या वाटणीत होती. त्यानं ठरवलं की इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि लाइन स्वस्तात होते. त्याचे रूळ यार्डाला 30 पौंडांचे होते, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. लीड्सच्या किटसन कारखान्यात त्यानं पहिली पाच इंजिनं बनवून घेतली. एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे चार सुटी, असे सहा आस. म्हणजे सगळं इंजिन 30 टनांच्या आतबाहेर. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम लाइन टाकून ही यंत्रणा लोकांना चालवून दाखवली गेली.

हाच हिशेब घडवणाऱ्याला पुन्हा करावा लागतो, आणि मला यातच सगळा आनंद दिसतो. लांबी 87 पट लहान झाली की वजन 87 च्या घनानं, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटतं. 30 टनांचे उरतात पंचेचाळीस ग्रॅम. एवढं हलकं इंजिन डबे ओढत नाही, चाकं जागीच फिरतात. म्हणून पाण्याच्या टाक्यांत आणि बॉयलरमध्ये शिसं भरायचं. तेही पुढे-मागे तोलून, कारण मोटरला वीज रुळांतूनच चाकांवाटे मिळते. सांगाडा ताठ असेल तर आठांतली तीनचार चाकंच रुळाला टेकतात आणि धुळीचा कण आला की गाडी थबकते. तेव्हा आसांना किंचित वर-खाली हलायची मोकळीक ठेवायची. रूळ वाचवण्यासाठी काल्थ्रॉपनं भार वाटला. आपण तो वीज मिळावी म्हणून वाटतो.

सांगाड्याच्या दोन पट्ट्या आधी एकमेकींना सोल्डरनं चिकटवतात आणि आसांची भोकं एकदमच पाडतात. मग तापवून सुट्या करतात. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची भोकंही त्याच मापानं पाडायची. केसभर फरक राहिला तर चाकं अडतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये बरोबर 90 अंशांचा कोन लागतो. खऱ्या इंजिनात तो असतो, कारण एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून निर्बळ झाला की दुसऱ्या बाजूचा भरात असतो. चाकं, मोटर आणि दात्यांची चक्रं मी विकत घेतो. बाकीचं पत्र्यातून येतं. आता संगणकावर आराखडा करून छापून घेण्याची सोय आहे आणि नवी मुलं त्यात सुरेख काम करतात. पण या नादाकडे परत आलेल्या माणसानं निदान एक सांगाडा कानशीनंच घासावा, असं माझं मत आहे.

रिव्हेटांचं काम तर आमच्या गावाला परकं नाहीच. देवघरातला देवीचा टाक उलटा करून पाहा: पातळ पत्रा मागून दाबून पुढे उठाव आणलेला असतो. टाकीच्या पत्र्यावरचे रिव्हेट याच रीतीनं येतात. मागून टोकदार पंचानं, समान अंतरावर, एकाच जोरानं टिंब दाबत जायचं.

बार्शीच्या धर्तीवर काल्थ्रॉपनं इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड ही लाइन उभी केली. इंजिनं किटसनचीच, गेज अडीच फुटांचंच. जेमतेम 13 किलोमीटरची ती लाइन 1904 मध्ये सुरू झाली, 1934 मध्ये बंद पडली आणि दोन्ही इंजिनं भंगारात गेली. तरी तिथल्या हौशी लोकांनी आराखडे आणि फोटो जपले, म्हणून त्यांची मॉडेल्स आजही बनतात. आपली बार्शी लाइट 325 किलोमीटरची आणि शंभराहून अधिक वर्षं चाललेली. कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, लातूर, पंढरपूर, मिरज या गावांत ड्रायव्हर, फायरमन, फिटर यांची घरं आहेत. अशा घरी इंजिनाचा किंवा डब्याचा फोटो असेल तर त्याच्या मागे गाव, वर्ष आणि इंजिनाचा नंबर लिहून ठेवा, आणि कुणी घडवणारा दारात आला तर त्याला त्याची एक प्रत काढू द्या. फोटोत शेजारी माणूस उभा असेल तर फारच उत्तम. त्याच्या उंचीवरून सगळी मापं काढता येतात.