लॉग कुणाचा?

पॉम फाइलमधल्या त्या चार-पाच एक्सक्लूजनच्या ओळी कुठून आल्या, हे नव्याने जावा शिकणाऱ्यांना कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते. त्या ओळींमागे दहा वर्षांचं भांडण आहे.

1996 साली युरोपीय संघाच्या ‘सेम्पर’ या इंटरनेट-व्यापाराच्या प्रकल्पाने स्वतःच्या गरजेपुरतं नोंदी ठेवण्याचं एक साधन लिहिलं. त्यातूनच पुढे लॉगफोरजे घडलं. जेकी ग्युल्जू हे त्याचे कर्ते. मग 2002 मध्ये जावा 1.4 आपलं वेगळं लॉगिंग घेऊन आली आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. एक निवडलं की दुसरं वापरणारे नाराज.

यावर तोडगा म्हणून कॉमन्स लॉगिंग आलं. प्रोग्राम चालू झाल्यावर ते स्वतः शोध घ्यायचं: लॉगफोरजे आहे का, नसेल तर जावाचं, तेही नसेल तर आपलं साधंसं. कल्पना चांगली होती. पण टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळा क्लासलोडर असतो, आणि दोन लोडरनी आणलेला एकच क्लास जावा दोन वेगळे क्लास मानते. त्यामुळे समोर असलेलं लॉगफोरजेही कॉमन्स लॉगिंगला ‘आपलं’ वाटत नसे. कधी ॲप्लिकेशन काढून पुन्हा चढवलं की जुनी मेमरी सुटत नसे. पुण्यात आम्ही त्या काळी रात्री जागवल्या त्या आमच्या कोडसाठी नव्हे, या शोधाशोधीसाठी.

ग्युल्जूंनीच पुढे एसएलएफफोरजे लिहिलं, आणि माझ्या मते इथे खरी समज आली. लायब्ररीने फक्त इंटरफेसच्या जारवर विसंबायचं. नोंद फाइलमध्ये जाणार की कन्सोलवर, कुठल्या यंत्रणेतून, हे ॲप्लिकेशनचा मालक एक बाइंडिंग ठेवून ठरवणार. पाहुण्याने यजमानाच्या घरात स्वतःची चूल मांडायची नाही. कॉमन्स लॉगिंग किंवा लॉगफोरजे थेट वापरणाऱ्या जुन्या लायब्रऱ्यांसाठी पूल म्हणून वेगळे जार निघाले. एक्सक्लूजनच्या ओळी त्यासाठीच, मूळ जार काढून पुलाला जागा द्यायला. मात्र लॉगफोरजेकडून येणारा पूल आणि लॉगफोरजेकडे जाणारं बाइंडिंग एकत्र ठेवलं, तर नोंद गोल फिरत राहते आणि स्टॅकओव्हरफ्लो होतो.

पायथनला एवढं सोसावं लागलं नाही. 2003 च्या 2.3 आवृत्तीपासून लॉगिंग भाषेबरोबरच मिळतं. तरी लायब्ररीने आपले हँडलर लावू नयेत, हा नियम तिथेही करावा लागला, आणि त्यासाठी 2.7 मध्ये नलहँडलर आला. तो काहीच करत नाही. मला तो फार आवडतो.

लायब्ररीने एखाद्या लॉगिंग यंत्रणेवर थेट विसंबण्याची किंमत डॉटनेटमध्येही मोजावी लागली: 2011 साली तिथल्या लॉगफोरनेट या यंत्रणेच्या 1.2.11 आवृत्तीने सहीची किल्ली बदलली, आणि 1.2.10 वर बांधलेल्या लायब्रऱ्यांना नवी आवृत्ती ओळखू येईना.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे 2 च्या कोअर जारमधलं लॉगफोरशेल हे भोक उघड झालं: नोंदीत आलेल्या मजकुरातूनच हल्लेखोराला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. एपीआयच्या, म्हणजे इंटरफेसच्या, जारमध्ये ते भोक नव्हतं. ज्यांच्या लायब्रऱ्या फक्त इंटरफेसवर उभ्या होत्या, त्यांनी ॲप्लिकेशनमधला एक जार बदलला. ज्यांनी कोअर आपल्या जारच्या पोटात कोंबून पाठवलं होतं, त्यांच्या ग्राहकांना मात्र एकेक जार उघडून आत शोधावं लागलं.