सही कोणाची?
रामपूरला १९५६ साली सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय वर्षभरातच नागपूरला आलं, आणि देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे घडू लागले. आग विझवणारे असे तयार झाले; पण आग लागूच नये म्हणून इमारतीत यंत्रणा बसवणाऱ्यांना राज्याने शिस्त लावली ती फार उशिरा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू झाला ६ डिसेंबर २००८ पासून. त्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आणि काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घेण्याचं बंधन घातलं. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे बी फॉर्म, दर जानेवारीत आणि जुलैत, एजन्सीच्या सहीने.

ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच प्रमाणपत्र द्यायचं, मग तपासणी कसली, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण परवानाच नसता तर जाब कोणाला विचारणार? सही आहे म्हणून परवाना रद्द करता येतो. माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी आगीत दहा नवजात बालकं दगावली, ती सरकारी इमारतीत. खासगी मालकाला बजावली जाते तीच नोटीस, त्याच मुदतीची, सरकारी रुग्णालयालाही गेलीच पाहिजे.